संगणक कंडम ठरवण्याआधी एक यादी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांमधले संगणक जुने झाले, त्यामुळे मुलांना कोडिंग शिकवता येत नाही, अशी तक्रार हल्ली आपल्या नाशिकच्या पानावर वरचेवर वाचायला मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायला सांगितले. पालकांनी ते फारच मनावर घेतले आणि शाळांनी कपाळाला हात लावला. त्या तक्रारीतला निम्मा भाग खरा नाही, हे सांगायला पत्र लिहिते आहे.

मी नाशिक रोडला, जेल रोड भागात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेली. रेमिंग्टनची मशीन गेली, परीक्षा संगणकावर आली, तेव्हापासून जुने संगणक जगवणे हा माझ्या पोटापाण्याचाच भाग झाला आहे. जवळच्या एका अनुदानित मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यासाठीच मला बोलावून घेतले. त्यांच्या टेबलावर एका पुरवठादाराचे कोटेशन होते. शेरा असा, की सध्याच्या मशीनवर वेब कोडिंग होऊ शकत नाही. खाली नव्या संगणकांची किंमत आणि वेबसाइट बनवण्याच्या एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी, दर संगणकामागे वेगळी. कोटेशनच्या पाठोपाठ जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ते कंडम ठरवून नोंदीतून काढण्याचा, कच्चा प्रस्तावही तयार. शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या, म्हणजे जडसंग्रह, नोंदवहीत एका ओळीचे काम.

लॅब उघडून पाहिली. बारा संगणक, कोअर टू ड्युओ किंवा तसलाच काही जुना प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज ७, चौकोनी मॉनिटर. सरकारी योजनेतून कराराने आलेले. करार संपला, करारावरचे संगणक शिक्षक गेले, संगणक राहिले. त्यातले दोन चालूच होईनात, बाकीचे निमूट चालू झाले. मग होत नाही ते नेमके काय?

संगणक शिकवणाऱ्या बाईंनी मला करून दाखवले. मूळच्या त्या गणिताच्या, हा तास त्यांच्या गळ्यात पडलेला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्या व्हीएस कोड नावाचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचे सॉफ्टवेअर, उतरवत होत्या, कारण प्रत्येक व्हिडिओची सुरुवात तिथूनच होते. नवी आवृत्ती विंडोज ७ वर चढत नाही. एरर येतो. नवा क्रोम घ्यायला जावे तर तोही नाही म्हणतो. दोनदा नकार ऐकला की कोणीही शिक्षक हेच म्हणेल, की मशीनच बाद आहे. पुरवठादाराला वेगळे खोटे बोलावेच लागले नाही.

खरी अडचण आहे ती इथे. फुकट सॉफ्टवेअर भरपूर आहे. पण कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती शेवटची चालते, हे मराठीत एका कागदावर मिळत नाही. शोधायला जावे तर ‘फ्री डाउनलोड’ची मोठमोठी हिरवी बटणे असलेली संकेतस्थळे पुढे येतात. त्या बटणांतून एडिटर येतो आणि त्याच्याबरोबर चार नको असलेली बिऱ्हाडेही येतात. या शाळेतल्या तीन मशीनवर ब्राउझरचे पहिले पान कुठल्यातरी भलत्याच सर्च इंजिनाचे झाले होते, ते त्यामुळेच.

म्हणून मला जे पक्के माहीत आहे ते इथे लिहिते. कात्रण काढून ठेवले तरी चालेल.

वेब पान लिहायला दोनच वस्तू लागतात, साधा मजकूर लिहिणारा एडिटर आणि ब्राउझर. पानात काय आहे ते एचटीएमएल सांगते, ते कसे दिसावे ते सीएसएस, आणि दोन्ही म्हणजे साध्या मजकुराच्या फायली. पान हलते-बोलते करणारी जावास्क्रिप्ट तर ब्राउझरच्या आतच चालते. यासाठी वर्गणीचे सॉफ्टवेअर घेणे म्हणजे पोस्टकार्ड लिहायला छापखाना विकत घेणे. व्हीएस कोडही फुकट आहे आणि चांगला आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. पण त्याच्या पोटात अख्खे क्रोमियम, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभा, बसलेले आहे आणि दोन जीबी रॅमला ते जड जाते. हट्टच असेल तर विंडोज ७ साठी १.७० ही शेवटची मालिका. विंडोज जुन्या, ३२ बिट प्रकारचे असेल (नवे ६४ बिटचे असते) तर १.८३ च्या पुढे कुठल्याही विंडोजवर जाता येत नाही. आमच्याकडे आम्ही तो नादच सोडला.

नोटपॅड प्लस प्लस टाकले. काही एमबीचा सेटअप, जुन्या विंडोजवर चालतो, ३२ बिटचाही मिळतो, आणि पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रतही असते. टॅग, म्हणजे कोनी कंसात लिहायच्या एचटीएमएलच्या खुणा, रंगीत दिसतात, ओळींना क्रमांक दिसतात. शिकणाऱ्याला तेवढे पुरते. दुसरा एडिटर जीनी. हा विंडोज आणि लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली) दोन्हीवर चालतो आणि टॅग उघडला की बंद करणारा टॅग स्वतः घालतो. मुलांना जीनी जास्त आवडला. मला मात्र सुरुवातीला टॅग हातानेच बंद करायला लावणे बरे वाटते. टायपिंगमध्येही मी पहिल्या दिवसांत बॅकस्पेसला हात लावू देत नाही.

ब्राउझरसाठी विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सची ११५, म्हणजे ईएसआर म्हणतात ती दीर्घकाळ सांभाळलेली मालिका. आम्ही फायरफॉक्स घेतला. शाळेच्या अभ्यासक्रमातले सगळे त्यात चालते, पानाची मांडणी करायच्या फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या पद्धतीसुद्धा. न चालणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. उदाहरणार्थ, सीएसएसच्या एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहायची नवी पद्धत, नेस्टिंग, यात नाही, आणि क्रोम १०९ मध्येही नाही. एका मुलाने मोबाइलवरून तसे उदाहरण उतरवून आणले आणि त्याचे रंग काही लागेनात. नियम सुटे करून लिहिले, लागले. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर दोन मिनिटांचे काम. नसेल तर पुन्हा तोच निष्कर्ष, मशीन बाद.

जुन्या पुस्तिकांत ब्रॅकेट्स आणि ॲटम या एडिटरची नावे अजून दिसतात. ब्रॅकेट्सचा सांभाळ अडोबीने सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला आणि ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नव्याने टाकू नयेत.

आता मराठीबद्दल. माझा धंदाच तो, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

आठवीतल्या एका मुलीने घरच्या खानावळीचे दरपत्रक करायला घेतले. तक्ता, तीन रकाने: पूर्ण थाळी, राइस प्लेट, पार्सल. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये मराठीत छान टाइप केले, सेव्ह केले, उघडले तर सगळीकडे प्रश्नचिन्हे. विंडोज ७ चे नोटपॅड आपणहून फाइल ‘एएनएसआय’ पद्धतीने साठवते आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. तसे करण्याआधी ते इंग्रजीत इशारा देते. मुले तो न वाचता ओके दाबतात. मोठी माणसे काय वेगळे करतात म्हणा! सेव्ह करताना खालच्या चौकटीत यूटीएफ-८ ही सगळ्या लिपी साठवणारी पद्धत निवडायची आणि पानाच्या डोक्यात ब्राउझरला तेच सांगणारा, चारसेटचा मेटा टॅग लिहायचा, एवढाच इलाज. नोटपॅड प्लस प्लसमध्ये तर ही निवड वर मेनूतच दिसते. त्याच साध्या नोटपॅडची दुसरी खोड अशी, की फाइलच्या नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी जोडते. विंडोजने शेपूट लपवलेले असते, त्यामुळे नाव बरोबर दिसते आणि पान मात्र उघडत नाही. फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसतील असे करून ठेवले, की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

दरपत्रक मराठीत दिसू लागले, पण रुपयाच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि विंडोज ७ बाजारात आले २००९ मध्ये. ते चिन्ह त्यात नंतरच्या अपडेटने आले, आणि या लॅबला ते अपडेट कधी मिळालेच नव्हते. आम्ही ‘रु.’ लिहिले. थाळीचा दर काही बदलला नाही.

टायपिंगचा प्रश्न वेगळा. आमच्या संस्थेत परीक्षेसाठी रेमिंग्टनची मांडणी शिकवतो. पण शाळेत मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची कीबोर्ड मांडणी लावली, कारण ती विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही आधीपासून असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. गैरसोय एकच. इनस्क्रिप्टमध्ये टॅगचा कोनी कंस मिळत नाही, त्या बटणावर शिफ्ट दाबले की ‘ष’ उमटतो. म्हणून आधी सगळे टॅग इंग्रजी कीबोर्डवर लिहून घ्यायचे आणि मग मधला मराठी मजकूर भरायचा, अशी शिस्त लावली. आणि शाळेच्या कार्यालयात जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली परिपत्रके असतात ना, श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली, ती वेब पानात चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. संगणक बिघडलेला नसतो, तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांत, नसतो. मुख्याध्यापकांना हे पटवायला मला एडिटरपेक्षा जास्त वेळ लागला.

इंटरनेटविषयीही सांगायला हवे. काही मशीनवर प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणत होते, म्हणून व्हायरस समजून ती बाजूला ठेवलेली. कोपऱ्यातले घड्याळ पाहिले तर साल फारच मागचे. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला होता. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर दार लावून घेतो. सेल बदलला, तारीख नीट केली, तक्रार संपली. किती शाळांतली किती मशीन एवढ्यासाठी फडताळाआड गेली असतील, देव जाणे.

मात्र या दुरुस्तीचा अर्थ जुन्या विंडोजवर बिनधास्त इंटरनेट वापरा असा नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट देणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. असे मशीन इंटरनेटला जोडून त्यावर कोणाचा पासवर्ड टाकणे मला तरी पटत नाही. शाळेच्या कार्यालयातला संगणक, ज्यावर मुलांची आधारची माहिती भरली जाते, तो नवाच हवा आणि त्याला लॅबच्या पेन ड्राइव्हचा स्पर्शही नको. पुरवठादाराकडून घ्यायचाच असेल तर तो एक घ्या, असे मी मुख्याध्यापकांना सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. लॅबला इंटरनेटची गरज फारशी नाही. वेब शिकायला वेबवर असावे लागते, हा समज काढून टाकायला हवा.

लॅबमध्ये जुना नेटवर्क स्विच पडून होता, वायरी ओढलेल्याच होत्या. एका मशीनवर पायथन ही फुकट मिळणारी प्रोग्रामिंगची भाषा टाकली. विंडोज ७ वर त्याची ३.८ ही शेवटची मालिका. त्यात एका ओळीच्या आज्ञेने मशीन सर्व्हर होते, म्हणजे त्यातले फोल्डर बाकीच्या मशीनना उघडून देते. मग मुलांनी आपापल्या ब्राउझरमध्ये त्या मशीनचा आकडी पत्ता टाकला आणि खानावळीचे दरपत्रक सगळ्या मशीनवर एकदम उघडले. मागच्या बाकावरून लगेच मागणी आली, “मॅडम, पार्सलचा दर कमी करा की!” खानावळीवाल्या मुलीने आपल्या मशीनवर दर बदलला, फाइल पुन्हा सर्व्हरवर टाकली, बाकीच्यांनी पान ताजे केले. सर्व्हर, पत्ता, विनंती, उत्तर हे फळ्यावर आकृती काढून मी नसते समजावू शकले.

आता लिनक्स. ज्यांना विंडोज ७ चा धोका नको त्यांनी त्याकडे जावे, माझेही मत तेच आहे. पण सगळे एकदम बदलू नये. आम्ही दोन मशीनवर केले. आधी पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून पाहता येते. दोन जीबी रॅमवर हलका डेस्कटॉप असलेले लिनक्स बरे चालते. आधी मशीन ६४ बिटचे आहे का ते पाहावे. कोअर टू ड्युओ असते, पण त्यावर विंडोज बहुधा ३२ बिटचे टाकलेले असते, त्यामुळे गैरसमज होतो. खरेच ३२ बिटचे मशीन असेल तर डेबियन १२ घ्यावे, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. देवनागरीसाठी नोटो किंवा लोहित फाँट आहेत का पाहावे. एवढे केले की जीनी आणि पायथन तिथल्या भांडारातून फुकट मिळतात, आणि ६४ बिटच्या मशीनवर फायरफॉक्सही अजून अपडेट मिळणारा मिळतो. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकवतात. ‘काइट’ ही तिथली सरकारी कंपनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रत तयार करून देते. आपल्याकडेही सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचे बॉस लिनक्स आहे, मराठीसकट. ते शाळांपर्यंत का पोहोचत नाही याचे उत्तर माझ्यासारखीने देण्यात अर्थ नाही.

अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट आहे, बारावीला पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषाही आहे. म्हणजे शाळेतून कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला हाच पाया लागणार. पीएचपी लिहिणाऱ्यांना एक सूचना: विंडोज ७ च्या साध्या नोटपॅडने यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण बसते. एचटीएमएलला ती चालते, पीएचपीला खुपते. तिथे दुसरा एडिटरच वापरा.

सगळे जुने वाचवा असेही माझे म्हणणे नाही. एक जीबीपेक्षा कमी रॅम, काचेच्या नळीचा मॉनिटर, विंडोज एक्सपी, असे असेल तर निर्लेखन करा. वीज खाते, मुलांचे डोळे खाते आणि शिक्षकाचा तासही खाते. व्हिडिओ एडिटिंग शिकवायचे असेल तर नवे मशीन घ्या, वाद नाही. बंद पडलेल्या दोन मशीनची रॅम काढून आम्ही दुसऱ्या दोन मशीनमध्ये घातली आणि ते सांगाडे भंगारात दिले. पण बाकीचे दहा संगणक मुलांच्या हातात आहेत, आणि वर्गणीच्या सॉफ्टवेअरचे कोटेशन फाइलला लावून ठेवले आहे.

माझी मागणी आहे ती शिक्षण विभागाकडे, खास करून जिल्हा परिषदेकडे आणि आमच्या महापालिकेकडे. एक पानाची यादी काढा. डावीकडे मशीन आणि विंडोज, उजवीकडे त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. वर्षातून एकदा ती तपासा. त्या फायली मूळ ठिकाणाहून उतरवून प्रत्येक गट साधन केंद्रात एका पेन ड्राइव्हवर ठेवा. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातल्या शिक्षकाने रेंज शोधत टेकडीवर जाऊन डाउनलोड लावायचे आणि ते अर्ध्यात तुटायचे, यापेक्षा केंद्रप्रमुखांच्या पुढच्या परिषदेत पेन ड्राइव्ह हातोहात देणे सोपे आहे. त्यात किविक्सही टाका. त्याने मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो आणि लॅबच्या नेटवर्कवरून सगळ्या मशीनना दाखवता येतो. खर्च म्हणाल तर पेन ड्राइव्हचा.

आणि निर्लेखनाच्या प्रस्तावाला एक रकाना जोडा: हलका एडिटर आणि जुना ब्राउझर टाकून मशीन चालवून पाहिले का, कोणी पाहिले. पुरवठादाराचा शेरा तिथे चालू नये.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. दहा वर्षांच्या आतबाहेर वय असलेले, चांगले चार जीबी रॅमचे संगणक शाळाशाळांत आहेत, ते यात बसत नाहीत. वर सांगितलेल्या मशीनपेक्षा ते कितीतरी सुस्थितीत आहेत आणि लिनक्सवर आरामात चालतील. मार्चअखेरीला जडसंग्रह तपासणी होईल, तेव्हा त्यांच्यासमोर ‘कंडम’ लिहिले जाण्याआधी ही यादी शाळांत पोहोचावी. आमच्या लॅबच्या दारावर चिकटवलेली हस्तलिखित यादी मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. त्यांच्या तंत्रज्ञांनी ती तपासून, हवी तर कापून-जोडून, आपल्या शिक्क्याने काढावी.

आपली,
एक टायपिंग इन्स्टिट्यूट चालक,
जेल रोड, नाशिक रोड